ज्याचं पातेलं त्याचं मीठ

आक्कानं हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही.

मोठ्या बर्नरवर आमटीला उकळी फुटत होती. आमचा आचारी नरसप्पा मिठाचा डबा घेऊन पातेल्याशी उभा होता, यल्लव्वाचे हात भाकरीच्या पिठात होते आणि छबूताई वांगी चिरता चिरता थांबली होती. सगळे आक्काकडे बघत होते, कारण आता आक्का ओरडणार होती. तिचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि फाटक्या भात्यातून निघावी तशी नुसती हवा बाहेर आली. तिनं पुन्हा जोर लावला. मग गळ्यावर हात ठेवून ती आमच्याकडे बघत राहिली. आमटी उतू गेली, बर्नर विझला, तरी कोणी जागचं हललं नाही.

शेवटी मीच धावत जाऊन गॅसचा कॉक बंद केला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सोलापुरात बाळीवेशीत आक्काचा स्वयंपाकाच्या ऑर्डरींचा धंदा होता. महानंदा तिचं नाव. माझी सख्खी आत्या, पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही तेच म्हणायचे. नवरा गेल्यावर तिनं घरच्या घरी शेंगापोळ्या करून विकायला सुरुवात केली, मग बारशी, मग साखरपुडे, मग लग्नं. मी कॉलेजसाठी वागदरीहून तिच्याकडे आले आणि बी. कॉम. झाल्यावरही तिच्याकडेच राहिले.

तो सगळा धंदा आक्काच्या आवाजावर चालायचा. कोणाकडे किती माणसं, कुठल्या घरात लसूण चालत नाही, कुठला किराणावाला जुनी डाळ खपवतो, सगळं तिच्या डोक्यात असायचं आणि तिथून तोंडावाटे बाहेर यायचं. नरसप्पा, मीठ. छबे, फोडी बारीक. यल्लव्वा, तवा. गिरिजा, टेम्पोवाल्याला फोन. गिरिजा म्हणजे मी. हाक आली की हात हलायचे, हाक येईपर्यंत हात थांबायचे. बर्नरच्या घरघरीवर आवाज चढवायचा म्हणून ती ओरडायची, आणि ओरडायची सवय लागली म्हणून बर्नर बंद असतानाही ओरडायची. त्या वर्षात दोन आचारी काम सोडून गेले होते. जाताना कोणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, एवढंच.

मीही जाणारच होते. पुण्यात माझ्या मैत्रिणीनं, शरयूनं, एका वसतिगृहाच्या कार्यालयात माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि मी हो म्हणून बसले होते. वैशाखात वीरभद्रप्पा शेटे यांच्या मुलीचं लग्न होतं, आमच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही लग्नापेक्षा मोठं. ते एकदा पार पडलं की आक्काला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आक्काला सांगायचं म्हणजे आधी तिचं ओरडणं ऐकून घ्यायचं, आणि ते ऐकण्याचं बळ मी साठवत होते.

आवाज गेला तो फाल्गुनात.

डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि स्वरतंतूंवर गाठी झाल्यात म्हणून सांगितलं. वर्षानुवर्षं ओरडल्यामुळं होतात, म्हणाले. वाईट काही नाही, पण काढाव्या लागतील आणि नंतर कित्येक आठवडे पूर्ण मौन. आक्कानं माझ्याकडे बघून बोटं ओठांजवळ नेऊन खूण केली, म्हणजे हळू बोललं तर? डॉक्टर म्हणाले, "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं घशाला जास्त त्रास होतो. तुम्ही मुक्या आहात असंच समजा."

आक्का तिथंच रडली. ऑपरेशनला भ्याली म्हणून नाही. घरी आल्यावर तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शेट्यांच्या लग्नाच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मग ते बोट माझ्याकडे वळवलं. मला पुणं आठवलं, पण मी मान डोलावली. दुसरं करणार काय?

ऑपरेशन झाल्यावरची पहिली ऑर्डर एका बारशाची होती, गल्लीतलीच. माणसं थोडीच. मला वाटलं, इतकी वर्षं हीच माणसं हाच स्वयंपाक करतायत, होऊन जाईल. झालं असं की मिठाची हाक येईना, तेव्हा नरसप्पानं थोडा वेळ वाट बघून आमटीत मीठ टाकलं. मग छबूताईला वाटलं, कोणी टाकलंच नसेल, म्हणून तिनं टाकलं. मग मी चमचाभर घेऊन चाखायला गेले तोवर यल्लव्वा जाता जाता मूठ सोडून गेली होती. भात मात्र अळणी राहिला, कारण भाताचं मीठ कोणाचंच नव्हतं. आक्का स्टुलावर बसून सगळं बघत होती. राहवेना तेव्हा तिनं हातातला डाव परातीच्या काठावर आपटायला सुरुवात केली. डाव वाजला की सगळे दचकून हातातलं काम सोडायचे आणि तिच्याकडे बघायचे. ती हातवारे करायची, त्यातून एकजण एक अर्थ काढायचा आणि दुसरी दुसराच. बाळाच्या आजीनं जेवण झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि आक्काची तब्येत बरी होईपर्यंत धंदा बंद ठेवलेला बरा, असं मायेनं सांगितलं. मायेनं सांगितलं म्हणूनच ते जास्त लागलं.

आदल्या वर्षी मी लघुउद्योजकांच्या एका शिबिराला गेले होते. एक दिवसाचं, चहा-नाश्त्यासकट. तिथं कुलथे नावाचे सर आले होते. त्यांनी धंद्यातल्या व्यवस्थेबद्दल पुष्कळ सांगितलं. सगळं डोक्यात ठेवू नका, भिंतीवर लावा. प्रत्येक वस्तूला जागा द्या. जे काम दुसरा करू शकतो ते स्वतः करू नका. आलेलं प्रत्येक काम घेऊ नका, नाही म्हणायला शिका. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं आक्काला हे ऐकवलं होतं. आक्का म्हणाली होती, "त्या सरांना म्हणावं, एकदा सातशे माणसांची गव्हाची हुग्गी घोटून दाखवा. आपला धंदा तोंडावर चालतो, भिंतीवर नाही."

आता तोंड बंद होतं, तेव्हा मी भिंतीकडे वळले. मोठा पांढरा कागद आणला, त्यावर रकाने आखले, कोणी काय आणि कधी करायचं ते लाल-निळ्या शाईनं लिहिलं आणि भट्टीसमोरच्या भिंतीला चिकटवला. वाफेनं दुपारपर्यंत त्याची शाई ओघळली. त्याआधी तरी कोणी वाचला होता का? नरसप्पाला फक्त तेलुगू वाचता येत होतं, यल्लव्वाला कुठलंच अक्षर येत नव्हतं, आणि छबूताईला वाचता येत असूनही ती कागदाकडे बघायला तयार नव्हती. पोलिसांनी लावल्यासारखं वाटतं, म्हणाली. संध्याकाळी कागद स्वतःहून गळून पडला आणि यल्लव्वानं त्यावर भाकऱ्या गार करत ठेवल्या.

मी खचले होते, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी काम आटोपल्यावर सगळ्यांसाठी चहा केला आणि ओट्यावर नरसप्पाच्या शेजारी बसले. नरसप्पा विणकरांच्या घरातला, मुकाट्यानं काम करणारा माणूस. मी त्याला सहज म्हणून विचारलं की तुला आमटी करता येते, मीठ किती लागतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, मग तू हाकेची वाट का बघतोस?

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाला, "आक्का बोलली की मी टाकतो. मग खारट झालं तर आक्काचं. मी आपल्या मनानं टाकलं तर माझं. बोलणी कोण खाणार?"

छबूताई खाली मान घालून हसली. तिचंही तेच होतं. यल्लव्वाचंही. एवढी सगळी माणसं हुशार असून ठोंब्यासारखी का उभी राहतात, हे कोडं मला तिथं सुटलं. त्यांना काम येत नव्हतं असं नाही. ते काम त्यांचं नव्हतं, एवढंच. आमच्याकडे सगळी पातेली एकट्या आक्काची होती.

आक्का आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नियम काढला, आणि तो लिहिला कुठंच नाही. ज्याचं पातेलं त्याचं मीठ. आमटी नरसप्पाची. डाळ धुण्यापासून ती वाढप्याच्या बादलीत पडेपर्यंत त्याची. त्यात दुसऱ्या कोणी चमचा घालायचा नाही, आक्कानं नाही, मीही नाही. भाकरी आणि भात यल्लव्वाचा. भाजी आणि गोड छबूताईचं. बाजार, टेम्पो आणि लोकांशी बोलणं माझं. काही बिघडलं तर ज्याचं आहे त्यानं मला सांगायचं आणि काय करू या तेही त्यानंच सांगायचं. रागवायचं कोणीच नाही, कारण रागवणारीला बोलता येत नव्हतं.

हे ऐकून लगेच सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. भाजीची फोडणी यल्लव्वाच्या बर्नरवर होते, मग ती कोणाची, यावरून दोघींनी एक अख्खी सकाळ अबोला धरला. नरसप्पानं पहिल्याच मोकळ्या हातानं आमटीत इतकं तिखट घातलं की एका साखरपुड्यात नवरदेवाच्या मामांना उचकी लागली. पण संध्याकाळी तो स्वतः येऊन म्हणाला, तिखट माझं जास्त झालं. इतक्या वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

हळूहळू मला कुलथे सरांचं बोलणंही उपयोगी पडू लागलं, फक्त ते आमच्या भाषेत आणावं लागलं. प्रत्येक वस्तूला जागा द्या, म्हणजे आमच्याकडे टेम्पो. पूर्वी जे हाताला लागेल ते आत कोंबायचो आणि मंगल कार्यालयावर पोहोचल्यावर माचिस सापडायला सगळं खाली उतरवायचो. आता जे तिथं आधी लागणार ते शेवटी चढवायचं. शेगड्या, माचिस, पाण्याची पिंपं दाराशी, पत्रावळी पार आत. किराण्याला रोज धावायचं नाही, आठवड्याचा एक दिवस ठरवला. फोन सकाळच्या वेळेतच घ्यायचे, कारण कढईशी उभं राहून घेतलेली ऑर्डर हमखास चुकायची. आणि एका तारखेला दोन लग्नं नाहीत. पहिलं गिऱ्हाईक मी परत पाठवलं तेव्हा आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

आक्काचं सगळ्यात अवघड होतं. ती स्टुलावर बसून असायची. नजर भट्टीवर, हातात डाव. चूक दिसली की हात आपोआप उचलला जायचा. एकदा मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आक्का, डाव वाजवू नकोस. वाजला की सगळे थांबतात आणि तुझ्याकडे बघतात. तेवढ्या वेळात खाली लागतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता डाव माझ्याच पाठीत बसतो. पण तिनं तो हळूच परातीत ठेवला, उठली आणि मागच्या अंगणात जाऊन डाळ निवडत बसली. त्या दिवसापासून ती पुष्कळदा तिथंच बसायची.

लग्नाच्या आठवड्यात मी सबंध दिवस मंडईत होते, तेव्हा आक्का तपासणीला एकटीच जाऊन आली. डॉक्टर काय म्हणाले, असं विचारल्यावर तिनं ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे अजून मौनच. मी फार चौकशी केली नाही. माझ्या डोक्यात गूळ, गहू आणि खोबरं होतं.

शेट्यांच्या लग्नाचं कार्यालय होटगी रस्त्याला होतं. उन्हाचा कहर होता. आम्ही पहाटेच पोहोचलो, दाराशी ठेवलेल्या शेगड्या आधी उतरल्या, आणि टेम्पोवाला म्हणाला की या वेळी तुमचं काहीतरी वेगळंच चाललंय. सकाळभर सगळं खरोखर छान चाललं. कोणाला हाक नव्हती, आरडाओरडा नव्हता. बर्नरचा घरघराट तेवढा होता. आक्का जरीकाठी साडी नेसून भट्टीपासून थोडी दूर खुर्चीवर बसली होती.

शेट्यांकडे गोड म्हणजे हुग्गीच हवी होती. कांडलेला गहू शिजवून, घोटून, त्यात गूळ, खोबरं, खसखस आणि तूप घालून करतात ती आमच्याकडची लग्नाची खीर. तिचा एक गुण वाईट, गूळ पडला की हात थांबवता येत नाही. छबूताई दोन मोठ्या पातेल्यांमध्ये फिरत होती. एवढ्यात वरपक्षाची माणसं ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त आल्याचा निरोप आला, छबूताईनं भाजी वाढवायला घेतली, आणि त्या गडबडीत एका पातेल्याचा घोटणारा हात थांबला.

वास सगळ्यात आधी आक्काला आला. ती ताडकन उभी राहिली. मग आम्हाला आला. छबूताईनं उलथणं घातलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तळ करपला होता.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या माना आक्काकडे वळल्या. नरसप्पाची, यल्लव्वाची, माझीसुद्धा. इतक्या आठवड्यांचं शिकलेलं त्या एका वासासरशी पुसलं गेलं. काय करायचं ते आक्काला नक्की माहीत होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. हातानं खूण केली असती तरी पुरलं असतं.

आक्कानं आमच्याकडे एकदा बघितलं, पाठ फिरवली आणि कार्यालयाच्या मागच्या दारानं बाहेर निघून गेली.

मला त्या क्षणी तिचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर एका चिमूट मिठासाठी गल्ली डोक्यावर घेणारी बाई आज पाठ दाखवून गेली. पण संताप करायलाही वेळ नव्हता. छबूताई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

"छबूताई, पातेलं कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली.

"मग काय करू या ते तू सांग. मी रागवत नाहीये. खरंच सांग."

तिनं नाक पुसलं, पातेल्याकडे बघितलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. तळ हलवायचा नाही. वरची वरची काढून घेऊ, ती चांगली आहे, चाखून बघ. पण सगळ्यांना पुरणार नाही, शेवटच्या पंगतींना कमी पडेल. त्यांच्यासाठी शिरा करू. रवा आपल्याकडे नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. नरसप्पा तोवर म्हणाला की माझी आमटी झाली आहे, शिरा मी भाजायला घेतो. यल्लव्वानं दुसऱ्या पातेल्यातला घोटणा हातात घेतला आणि ते पातेलं वाचवलं.

माझ्या वाट्याला राहिलं लोकांशी बोलणं. मी मांडवात जाऊन वीरभद्रप्पा शेट्यांना बाजूला बोलावलं. भरदार माणूस, फेटा बांधलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे. मी त्यांना खरं तेच सांगितलं. एक पातेलं लागलं आहे, वरपक्षाला आणि पहिल्या पंगतींना हुग्गी वाढते, शेवटी शिरा वाढावा लागेल.

त्यांनी माझं ऐकून घेतलंच नाही. "आक्का कुठाय? आक्काला बोलवा. मी काम आक्काला दिलंय."

"आक्कांना बोलायला मनाई आहे, काका," मी म्हटलं. "आज मीच बोलतेय. चूक आमची आहे. तुम्ही म्हणाल ती पंगत पुढं-मागं करते, पण लागलेली हुग्गी मी वाढणार नाही."

ते भडकले. माझ्या घरचं शेवटचं कार्य, म्हणाले, आणि पाहुण्यांत नाचक्की. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांची बहीण मध्ये पडली आणि म्हणाली की शेवटच्या पंगतीत आपणच घरची माणसं असतो, खाऊ की शिरा. त्यावर ते पंगतीकडे वळले, पण मला बघून मान फिरवायचे ते शेवटपर्यंत. शिरा चांगला झाला होता. तरी शेट्यांनी त्यानंतर आम्हाला कधी काम दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

भांडी घासून झाल्यावर आक्का आली आणि मुकाट्यानं टेम्पोत बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. सबंध रस्ताभर मी मनात पुण्याची बॅग भरत होते.

दोन-तीन दिवसांनी तिची पुन्हा तपासणी होती. या वेळी मी बरोबर गेले. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "मग? आवाज कसा वाटतोय?"

आक्का गप्प. मी म्हटलं, त्यांचं मौन आहे ना अजून.

डॉक्टर चकित झाले. "अजून? मी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं. बोला म्हणून. सावकाश, थोडं थोडं, पण बोला. ओरडायचं मात्र नाही."

मी आक्काकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

बाहेर दवाखान्याच्या आवारात गुलमोहराखाली बाक होता. मी तिथं बसले, ती शेजारी बसली. मला खूप बोलायचं होतं, पण एकच वाक्य आलं. "तुला बोलता येत होतं."

आक्कानं खाकरून घसा साफ केला. आणि ती बोलली तेव्हा मी दचकले, कारण तो आवाज तिचा नव्हता. खालच्या पट्टीतला, जरा चिरका, एखाद्या अनोळखी म्हातारीचा असावा तसा.

"येत होतं," ती म्हणाली.

"मग करपल्यावर निघून का गेलीस? आमची अब्रू जात होती तिथं."

"बसून राहिले असते तर ओरडले असते. माझा भरवसा नव्हता मला." ती थांबली, श्वास घेतला. "मी ओरडले असते तर छबी तिथंच रडत बसली असती. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिली असतीस. मला ते बघायचं नव्हतं पुन्हा."

रस्त्यावरून बस गेली, ती जाईपर्यंत आक्का थांबली. आवाज चढवायचा नव्हता तिला.

"गिरिजा, मला इतकी वर्षं वाटत होतं, मी ओरडते म्हणून काम चालतं. गप्प बसले तेव्हा दिसलं. मी तोंड उघडलं की सगळे काम थांबवतात." मग म्हणाली, "हे गेले तेव्हा मला फार भीती वाटायची. हे आपल्याच्यानं होणार नाही अशी. ओरडलं की भीती कमी व्हायची. मग भीती गेली, पण ओरडणं राहिलं."

असं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. बोलायला तिला हळू आवाज कधी मिळालाच नव्हता. आणि कदाचित म्हणूनच, ज्या गोष्टीसाठी मी महिनोन् महिने बळ साठवत होते, ती माझ्या तोंडून सहज निघून गेली. शरयू, वसतिगृह, पुणं. मी हो म्हटलं आहे, असं मी तिला सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत, हात धरला नाही, राहा म्हणाली नाही. फक्त विचारलं, "कधी जातेस?"

"पुढच्या आठवड्यात म्हणतेय."

"बरं. मग बुधवारच्या वास्तुशांतीचं काम कोणाकोणाकडे देऊन जातेस, ते सांग."

मी सांगायला लागले. आमटी नरसप्पाची, त्यात आता बघायला नको. भात-भाकरी यल्लव्वा. भाजी-गोड छबूताई, आणि मोठं काम असेल तर घोटायला तिच्या हाताखाली एक माणूस द्यायचा, हे ती स्वतःच मला म्हणाली आहे. टेम्पो नरसप्पा भरून घेतो. किराणा आक्का तू आणशील. लोकांशी बोलायला... मी अडखळले. मग म्हटलं, छबूताई बोलेल. परवा वास्तुशांतीवाल्या काकू आल्या होत्या, तेव्हा मी नव्हते, तिनंच सगळं ठरवलं आणि नीट ठरवलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. प्रत्येक पातेल्याला धनी होता. माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. माझ्यावर काही कोसळणार नव्हतं आणि माझ्यामुळं काही तरणारही नव्हतं. ज्या घरातून मी पळून जायला निघाले होते, तिथून आता मी कधीही, अगदी उद्यासुद्धा, निवांत जाऊ शकत होते. आणि गंमत अशी की हे कळलं तेव्हाच, त्या बाकावर, इथं राहता येईल असं मला पहिल्यांदा वाटलं.

मी ते आक्काला सांगितलं नाही. घरी जाऊन शरयूला फोनवर येत नाही म्हणाले, तेव्हा आक्काला कळलंच. आजही आमचं स्वयंपाकघर बाळीवेशीतच आहे. छबूताईच्या हाताखाली आता चौघीजणी आहेत. आक्का पुढं बरीच वर्षं जगली आणि त्या नव्या आवाजातच बोलत राहिली. तो ऐकायचा तर माणसांना तिच्या जवळ जावं लागायचं.

त्या दिवशी आम्ही आवारातून बाहेर आलो आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं मान मागं करून कुठं जायचं म्हणून विचारलं. आक्का म्हणाली, "बाळीवेस." रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. आक्का पुढं झुकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तितक्याच हळू, एकेक अक्षर सुटं करून तिनं पुन्हा सांगितलं.

रिक्षा निघाली.